तांबडी धूळ आणि मिक्सरचे फेडर



शिमग्याचे दिवस डोळ्यांसमोर आणा. वाडीतल्या खळ्यात रात्री नमन उभे राहिले आहे. गण झाला, गौळण रंगात आली, मुंबईहून आलेले चाकरमानी पोरांना मांडीवर घेऊन बसले आहेत. आणि राधेचे म्हणणे ऐन भरात असताना कर्ण्यातून एकाएकी 'खर्रर्र' असा आवाज निघतो. मग गाणे अर्धे होते, मग नाहीसे होते, मग अंगावर धावून यावे तसे परत येते. सारी मंडळी माना वळवून कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहतात. टेबलाशी बसलेला मुलगा पेटीवर एक चापट मारतो. चापटीने कधी कधी आवाज सुधारतो, हेच वाईट. कारण मग चापट हाच उपाय, अशी सर्वांची समजूत होऊन बसते.

ही खरखर कोठून येते, आणि आपल्या या जांभ्याच्या मुलखात ती येऊ नये म्हणून काय करावे, याविषयी आज बोलणार आहे.

आधीच सांगतो, मी शास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. नमनातली, जाखडीतली गाणी जमवीत गावोगाव हिंडण्याची सवय आहे, आणि 'सरांना गाण्यातले कळते' एवढ्याच आधारावर स्नेहसंमेलनाची सगळी ध्वनियंत्रणा माझ्या गळ्यात पडलेली आहे. आज जे सांगणार ते पुष्कळसे एका साऊंडवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसून शिकलो. आणि थोडे स्वतःच्या चुकीतून. ती चूकही पुढे सांगतो.

मिक्सर म्हटले की घरातल्या मंडळींना चटणी आठवते. हाही मिक्सरच, पण आवाजाचा. चार माईक, एक पेटी, मृदंगाचा एक माईक, अशा निरनिराळ्या वाटांनी येणारे आवाज हवे त्या प्रमाणात एकत्र करून कर्ण्याकडे पाठवावयाचे, एवढे त्याचे काम. त्याच्या तोंडावर गोल फिरणारी बटणे असतात, आणि खालच्या बाजूला लांबट खाचांत वरखाली सरकणाऱ्या मुठी असतात. त्या सरकत्या मुठीला फेडर म्हणतात. वर सरकवला की आवाज मोठा, खाली ओढला की लहान.

पूर्वी हे काम गोल बटणेच करीत. अमेरिकेत अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीत टॉम डाउड नावाचा एक ध्वनिमुद्रक होता. त्याने १९५० च्या दशकात गोल बटणे काढून सरकते फेडर बसवून घेतले. त्याचे म्हणणे साधे होते. दोन हातांनी गोल बटणे फिरवावयाची तर एका वेळी दोनच फिरतात. सरकते असले तर दहा बोटांनी दहा आवाज सांभाळता येतात. पेटीवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर एक अडचण आली. गोल बटणाचे पोट बहुधा पत्र्याच्या लहानशा डबीत बंद असते. बाहेर येतो तो फक्त दांडा. फेडरला मात्र मूठ सरकावयाची म्हणून तोंडावर लांब फट ठेवावीच लागते. लहान मिक्सरवर ती सहा सेंटिमीटरची, मोठ्यावर दहाची. असे आठ-बारा फेडर ओळीने, आणि मिक्सर टेबलावर पाठ टेकून निजलेला. म्हणजे आकाशाकडे तोंड केलेल्या आठ-बारा फटी. उघड्या मैदानात त्यांत काय पडणार ते पडणारच.

आता आत काय आहे ते पाहा. खाचेच्या खाली कार्बनची एक काळी, गुळगुळीत पट्टी असते. तिच्या एका टोकाला पूर्ण आवाज, दुसऱ्या टोकाला शून्य. मुठीच्या पोटाला धातूचे एक नाजूक बोट असते. पुष्कळ वेळा ते एक नसून केसासारख्या बारीक चार-सहा बोटांचा झुबका असतो. ते बोट पट्टीवर जेथे टेकते तेथून तेवढा आवाज उचलून पुढे जातो. बोट पट्टीवरून घासत जाते आणि आवाज त्या घासणाऱ्या सांध्यातूनच जातो. मिक्सरमधले बाकीचे बहुतेक सांधे डाख देऊन पक्के केलेले असतात, हलत नाहीत. हा सांधा मात्र हलता, घासता, आणि वरून उघडा. बोट आणि पट्टी यांच्यामध्ये धुळीचा एक कण आला की बोट उचलले जाते, सांधा क्षणभर तुटतो, पुन्हा जुळतो. ते तुटणे-जुळणे कर्ण्यातून आपल्याला 'खर्रर्र' असे ऐकू येते.

धूळ काय सगळीकडेच असते, असे कोणी म्हणेल. असते, पण आपली धूळ वेगळी आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या प्रवासी अभ्यासकाने मलबारातला हा दगड पाहून त्याला 'लॅटेराइट' असे नाव दिले, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. आपण त्याला जांभा म्हणतो. खाणीत मऊ असताना चिरे कापावेत आणि उन्हावाऱ्यावर ते कठीण व्हावेत, हा त्याचा गुण आपल्या घराघरांत उभा आहे. या दगडात लोखंडाच्या ऑक्साइडांचा भरणा मोठा. तांबडा रंग त्यांचाच. सोन्याला झिलई देण्यासाठी 'रूज' म्हणून जी तांबडी भुकटी वापरतात तीही लोखंडाचे ऑक्साइडच. धातूवर घासून धातू बारीक झिजवणे हा तिचा धर्म. फेडरच्या नाजूक बोटाखाली हीच जात येऊन बसते, आणि मूठ वरखाली करताना आपण नकळत पट्टीला झिलई देत बसतो!

शिवाय आपल्याकडे धूळ एकटी येत नाही. किनाऱ्याच्या गावांत तिच्या जोडीला समुद्राची खारट ओल. शिमग्यात पालखी नाचू लागली की गुलाल. रात्री दिव्याभोवती जमलेले किडे आणि पाकोळ्यांचे पंख. टेबलावर दिवा टांगलेला असला तर ते नेमके मिक्सरवर पडतात. या सगळ्यांचा आतल्या वंगणाशी काला होतो. कारखान्यातून येताना फेडरच्या दांडीवर आणि पट्टीवर वंगणाचा एक पातळ हात दिलेला असतो. धूळ त्यात रुतली की ते वंगण राहत नाही, पॉलिशचा लगदा होतो.

माझी चूक याच लगद्याची. काही वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत नमनाचे ध्वनिमुद्रण करावयाचे ठरले होते. तेथे गाणारे एक बुवा होते, वय ऐंशीच्या घरात. गावाच्या सीमेवरच्या देवदेवतांची नावे एकामागून एक गुंफलेला एक लांबलचक गण त्यांना येत असे. तो कोठे लिहिलेला नव्हता. त्यांच्या जोडीचे गाणारे गेलेले, मुलगा मुंबईला. म्हणून मी मुद्दाम मिक्सर घेऊन गेलो. बुवांसाठी एक चांगला माईक, मृदंगाला एक, झांजेला लांबून एक. आणि मिक्सरमधून कर्ण्याकडे जाणाऱ्या आवाजाचाच एक फाटा काढून मुद्रणयंत्राला जोडला.

आता त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. स्नेहसंमेलनात एक फेडर जड चालू लागला होता. मी घरी येऊन त्याच्या फटीत खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले. शिवणयंत्राला तेल सोडतो, दाराच्या बिजागरीला सोडतो, मग येथे काय बिघडते? फेडर असा काही लोण्यासारखा चालू लागला की मी स्वतःवर खूष झालो. बुवांचा माईक मी त्याच फेडरवर घेतला, कारण सर्वांत हलका तोच चालत होता.

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजते, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. मलाही माहीत होते. फक्त वेळेवर आठवले नाही. बुवांचा गण लागला तो पहाटेच्या सुमाराला. फाल्गुनातली पहाट, डोंगराच्या पायथ्याचे गाव, अंगावर घोंगडी घ्यावी असा गारवा. दिवसभर खळ्यातली तांबडी धूळ त्या तेलात बसलेली होती, आणि आता ते तेल घट्ट होऊ लागले होते. बुवांचा आवाज चढला तसा मी फेडर किंचित खाली घेतला. तो अडकला. जरा जोर लावला, आणि खरखर सुरू झाली. आवाज गेला, आला, गेला. मी मूठ हलवीत राहिलो, आणि जितकी हलवावी तितकी खरखर वाढली. शेवटी पुन्हा वर सरकवली तेव्हा आवाज स्थिर झाला. नंतर घड्याळ लावून पाहिले. मध्ये अकरा सेकंद गेले होते.

नमन संपल्यावर मी बुवांना म्हटले, "बुवा, तेवढा तुकडा परत म्हणाल का? यंत्राने घात केला."

बुवा झांज फडक्यात गुंडाळीत होते. म्हणाले, "मास्तर, गण असा तुकडा तोडून म्हणत नाहीत. पुढच्या शिमग्याला या, सबंध म्हणतो."

पुढच्या शिमग्याला मी गेलो. बुवा नव्हते. त्या अकरा सेकंदांत देवतांची दोन नावे होती. शेजारच्या दोन वाड्यांत विचारले तर दोन ठिकाणी दोन वेगळ्या जोड्या सांगितल्या, आणि दोन्ही वाड्या आपलीच खरी म्हणतात. माझ्या वहीत तेथे अजून रिकामी जागा आहे.

दुकानात नेऊन तो फेडर उघडविला. काळ्या पट्टीवर वरच्या टोकाजवळ एक फिकट चर पडला होता, आणि चराच्या दोन्ही कडांना विटकरी रंगाचा लगदा. साऊंडवाला काही बोलला नाही. त्याने फक्त तो नखाने खरवडून माझ्या बोटावर ठेवला. चिमटीत चोळून पाहिला तर रांगोळीसारखा करकरीत लागला.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की फेडरमध्ये खोबरेल नको, शिवणयंत्राचे तेल नको, गंजलेले नट सोडविण्याचा बाजारी फवारा नको, रॉकेल-पेट्रोल-थिनर तर मुळीच नको. तेले धूळ धरून ठेवतात. थिनर पट्टी आणि प्लॅस्टिक खातो. यांतल्या पुष्कळ वस्तूंनी पहिल्या दिवशी बरे वाटते, आणि तीच त्यांतली मेख आहे.

मग करावे काय? निम्मे काम मिक्सरला हात लावण्याआधीच होते. रत्नागिरीच्या माणसाला सडा म्हटले की दोन गोष्टी दिसतात: गावावरचा कातळाचा सडा, आणि अंगणात घालतात तो पाण्याचा सडा. पहिल्या सड्यावरून येणाऱ्या धुळीला दुसरा सडा हा उतारा. कार्यक्रमाआधी तासभर टेबलाच्या आसपास आणि येण्याजाण्याच्या वाटेवर पाणी शिंपडावे. शेणाने सारवलेले खळे असेल तर उत्तमच. आपल्या बायामाणसांनी धुळीवर घातलेले ते पहिले झाकण आहे. शाळेच्या मैदानावर सारवण नसते, तेथे टेबल खाली ताडपत्री घालून मांडावे. टेबल प्रेक्षकांच्या वाटेवर नको, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला असावे. आणि कृपा करून मिक्सर जमिनीवर किंवा बुटक्या बाकावर ठेवू नका. पावलांनी उडालेली धूळ जमिनीलगत सर्वांत दाट असते. कमरेइतक्या उंचीवर ती पुष्कळ कमी होते.

दुसरे म्हणजे झाकण. दाट विणीचे, धुतलेले सुती कापड घ्यावे, जुने धोतर किंवा नऊवारीचा तुकडा. कार्यक्रम सुरू होईपर्यंत आणि मध्यंतरात ते मिक्सरवर असावे. यंत्र चालू असेल तर उष्णता बाहेर पडण्याची भोके झाकू नयेत. प्लॅस्टिकचा कागद प्रवासात ठीक. पण रात्रीच्या दवात यंत्र त्यात गुंडाळून ठेवले तर आतल्या बाजूला पाणी सुटते. न लागणाऱ्या फेडरांच्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावावी, ती मात्र त्याच रात्री काढून टाकावी. उन्हात राहिली तर तिचा डिंक फटीत उतरतो. मिक्सरवर चहाचा पेला ठेवू नये हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो, कारण मी स्वतः ठेवीत असे.

न वापरलेले फेडर चांगले राहतात अशी एक समजूत आहे. उलट असते. वर्षभर एकाच जागी उभ्या असलेल्या फेडरच्या बोटावर हवेने मळ चढतो, विशेषतः खाऱ्या हवेत. म्हणून कार्यक्रमाआधी कर्णे बंद असताना प्रत्येक फेडर, लागणारा असो वा नसो, तळापासून टोकापर्यंत वीस वेळा सावकाश वरखाली करावा. पाच-सात मिनिटांचे काम आहे. यात हाताला जो जड किंवा खरखरीत लागेल त्यावर मुख्य गाणाऱ्याचा माईक घ्यावयाचा नाही. फार हलका लागेल तर त्याचाही संशय घ्या. कोणी तेल सोडले असेल.

साफसफाईची पद्धत अशी. मिक्सर बंद करून वायर काढावी. खोली स्वच्छ हवी, पंखा बंद. रंगकामाचा मऊ, कोरडा कुंचला घेऊन फटीच्या लांबीने झाडावे, आणि झाडताना मिक्सर आडवा ठेवू नये. टेबलावर उभा धरावा म्हणजे निघालेली धूळ आत न जाता खाली पडते. घरी धूळ ओढणारे यंत्र असेल तर त्याची नळी फटीजवळ धरावी. फुंकर मारू नये. फुंकरीत वाफ असते, थुंकी असते, आणि धूळ आणखी आत जाते. गॅरेजमधला हवेचा पाईप तर त्याहून वाईट. तो बाहेरची धूळही आत बसवून देतो.

एवढ्याने भागले नाही तरच फवारा. वीज-सांधे साफ करण्याचे फवारे मिळतात. त्यांतला फेडरसाठी चालणारा, मागे तेलकटपणा न ठेवणारा विचारून घ्यावा. बारीक नळीने फटीच्या दोन्ही टोकांशी थोडासाच सोडावा, मूठ पंचवीस-तीस वेळा वरखाली करावी, मिक्सर उभा ठेवून निथळू द्यावे. मळ निघाला की फेडरसाठीच असलेल्या पातळ वंगणाचा अगदी थोडा हात द्यावा. ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात. नुसते धुऊन ठेवलेल्या फेडरमध्ये बोट कोरड्या पट्टीवर घासते आणि तो धुण्याआधीपेक्षा लवकर झिजतो. फवारे बहुधा ज्वालाग्राही असतात. ते पूर्ण उडून जाईपर्यंत वीज लावू नये, आणि देवघराजवळ तर हे काम करूच नये.

खरखर फेडरचीच आहे कशावरून? हा प्रश्न शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर घालावा, कारण त्यात तर्काचा चांगला अभ्यास आहे. फेडर स्थिर ठेवून माईकची वायर हलवा. खरखर आली तर दोष वायरीचा. वायर स्थिर ठेवून फेडर हलवा; आता आली तर फेडरचा. पुष्कळ मिक्सरांवर प्रत्येक फेडरजवळ पीएफएल अशा अक्षरांचे लहान बटण असते. ते दाबले की फेडरच्या अलीकडचा आवाज कानावरच्या हेडफोनात ऐकू येतो. म्हणजे पाटाचे पाणी बांधाच्या अलीकडे नितळ आहे का, हे पाहण्यासारखे. तेथे आवाज स्वच्छ आणि कर्ण्यात खरखरीत, तर चोर मध्ये सापडला. नीट साफ करूनही तीच खरखर राहत असेल तर मात्र दोष कधी कधी फेडरचा नसतो. आतला एखादा कपॅसिटर गळू लागतो, बॅटरीसारखा एकाच दिशेचा दाब पट्टीवर येतो, आणि चांगला फेडरही खरखरू लागतो. ते काम जाणकाराचे.

ऐन कार्यक्रमात फेडर रुसला तर मी केले तसे करू नका. मूठ हलवीत बसू नका. जेथे आवाज धड येतो तेथे ती सोडून द्या, आणि त्याच रांगेतल्या सर्वांत वरच्या गोल बटणाने, म्हणजे गेनने, हलक्या हाताने कमीजास्त करा. मध्यंतर मिळाले की माईक शेजारच्या रिकाम्या वाटेवर घ्या. एक रिकामी वाट नेहमी राखून ठेवावी. आठ माईकांच्या मिक्सरवर सात लावावेत.

आणि ज्यांना गावातली गाणी, कीर्तने, म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मुद्रित करून ठेवावयाचे आहे, त्यांनी मुद्रणाची वायर मुख्य आवाजाच्या फाट्यावरून घेऊ नये. पुष्कळ मिक्सरांवर ऑक्झिलरी नावाचा आवाज बाहेर काढण्याचा आणखी एक मार्ग असतो, आणि तो 'प्री' म्हणजे फेडरच्या अलीकडून घेण्याची सोय असते. तेथून आवाज घेतला की कर्ण्याकडे फेडर काहीही गोंधळ घालो, मुद्रण सुखरूप राहते. त्याही वाटेवर एक गोल बटण असते, त्यालाही धूळ लागते हे खरे. पण ते एकदा लावून ठेवावयाचे असते, रात्रभर घासावयाचे नसते. ही सोय माझ्या मिक्सरवर त्या पहाटेही होती. बटणावर नाव छापलेले होते, आणि मला वाचता येते. असो.

हल्ली नव्या पद्धतीचे डिजिटल मिक्सर आले आहेत. त्यांच्या फेडरमधून आवाज जातच नाही. मूठ कोठे आहे एवढीच खबर ती आत देते. त्यामुळे धूळ बसली तर खरखर ऐकू येत नाही, पण खबर चुकते आणि आवाज एकदम उडी मारतो. काहींच्या मुठी आपोआप सरकतात, त्यांत बारीक मोटर असते. तांबड्या धुळीने ती अडखळते. म्हणजे यंत्र नवे घेतले तरी कापडाची खोळ सुटत नाही.

पावसाळ्याचे दोन शब्द. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. शाळेचा मिक्सर मेमध्ये धुळीसकट कपाटात जातो आणि गणपतीत बाहेर निघतो. आतली धूळ ओल धरते, पट्टीवर बुरशी येते, बोट काळे पडते. म्हणून कपाटात ठेवण्याआधी, जूनच्या आत, सफाई झाली पाहिजे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. पूर्वी कपाटात पंधरा वॉटचा एक दिवा लावून ठेवीत, त्याच्या उबेने ओल हटत असे. हल्लीचे एलईडी दिवे त्या कामाचे नाहीत, त्यांची ऊब फारच थोडी. पंधरवड्यातून एकदा यंत्र तासभर चालू ठेवावे आणि सगळे फेडर वीस वेळा फिरवावेत. हे काम सातवी-आठवीच्या दोन मुलांकडे द्या आणि भिंतीवर तारखेचा कागद लावा. मुले विसरत नाहीत. विसरतो तो आपण.

इतके करूनही फेडर झिजतोच. चर पडलेली पट्टी साफ करून भरून येत नाही. फेडर बदलावाच लागतो. नवा घेताना जुना काढून दुकानात न्यावा, लांबी जुळवावी, आणि त्यावर छापलेला आकडा आणि त्याजवळचे अक्षर जसेच्या तसे पाहावे. त्या अक्षरावरून पट्टीची घडण कळते. आपल्या कानाला आवाजाची वाढ पटीपटीने जाणवते, म्हणून पुष्कळ फेडरांची पट्टी तशी घडविलेली असते. तेथे सरळ वाढीची पट्टी बसविली तर मूठ तळापासून जराशी हलवताच आवाज उसळतो आणि वरच्या अर्ध्या वाटेत काही फरकच पडत नाही. 'बसला ना फेडर, मग झाले' असे म्हणणारा कारागीर भेटला तर दुसरा पाहावा.

दुरुस्तीला देताना मिक्सरवर एक चिठ्ठी लावा. कितवा फेडर, खरखर तळाशी येते की मध्ये की टोकाशी, हलवतानाच येते की स्थिर असतानाही, आणि आधी कोणी काही सोडले आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खरे लिहा. मी पहिल्यांदा 'काही नाही' असे लिहिले होते, आणि साऊंडवाल्याने पेटी उघडण्याआधी नुसता वास घेऊन विचारले, "सर, खोबरेल घरचे की विकतचे?"